खळं

पहाटेचे पावणेसहा. देवगडचं ग्रामीण रुग्णालय,
पुरुष विभागात नऊ पेशंट
आणि त्यांतले दोघे जगन्नाथ तारी.
दोघेही तारामुंबरीचे, सत्तरीपलीकडचे,
दोघांना एकाच पणज्याचं नाव ठेवलेलं.
चार नंबर हृदयाचा, सहा नंबर साखरेचा.

मी दुसऱ्या वर्षाला. ट्रेमध्ये गोळ्यांच्या वाट्या,
वाटीखाली चिठ्ठी, पाठ केलेलं सगळं जिभेवर.
परवा विचारलं होतं, "तुम्ही जगन्नाथ तारी ना?"
आणि सहा नंबरचे हसून "होय" म्हणाले होते.
खोटं काहीच नव्हतं त्यात.
मुणगेकर सिस्टरांनी माझं मनगट हवेतच धरलं.
ओरडल्या नाहीत. बाहेर नेऊन एवढंच म्हणाल्या,
"गोळी त्यांच्या तोंडात घाल.
नाव घालू नकोस."

म्हणून आज चार नंबरपाशी कागद धरून उभी राहिले.
"आजोबा, पूर्ण नाव सांगा."
"रोज इचारतंस, रोज इसरतंस काय गो चेडवा?"
मग सांगितलं: जगन्नाथ रघुवीर तारी,
आणि त्याच दमात होडीचं नाव,
बापाच्या होडीचं नाव, कुठल्या साली जाळं गेलं ते.
नाव विचारलं की माणूस नावापाशी थांबत नाही.
"आणि त्या दिव्याक बघ, खळा पडलाहा,
चंद्राक पडता तसा. पिवळाजर्द. वारो येतलो."

मी हसले. दर्यावरचं बोलणं.
वाटीतली डिजॉक्सिन हातात घेतली.
शून्य पूर्णांक पंचवीस, म्हणजे पाव मिलिग्रॅम,
मिठाचा खडाही याहून जड.
हे औषध हृदयाला सांगतं, सावकाश वल्हव, पण जोर लाव.
आणि औषध नि विष यांच्यामधली वाट
खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उरते तेवढीच.
होडी रोज तिथून जाते,
म्हणून ती रुंद होत नाही.

स्टेथोस्कोप छातीवर. मिनिट पूर्ण मोजायचं,
अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही.
तेहतीसनंतर इतकी जागा गेली
की मला माझाच ठोका ऐकू आला.
बावन्न.
पुन्हा मोजलं. बावन्न.

मग वर पाहिलं.
दिवा पांढरा होता.

"आजोबा, रात्री पेज घेतलीत?"
"खय गो. परवाधरना मळमळता माका."
परवापासून. आणि आम्ही तीन पाळ्यांत
"तब्येत ठीक" असं तीन अक्षरांत लिहिलेलं.

गोळी वाटीत परत ठेवली. हात थरथरत होता,
तसाच फोन लावला. डॉक्टर काझी चप्पल उलटी घालून आले.
ईसीजी, रक्त, पोटॅशियम, किडनीचा रिपोर्ट.
लघवीच्या गोळीने पोटॅशियम वाहून नेलेलं,
थकलेल्या किडनीने औषध साठवून ठेवलेलं.
"दीड दिवसात निम्मं उतरतं," डॉक्टर म्हणाले,
"पण या वयात आणखी वेळ लागेल."
"म्हणजे दीड दिवसाचा गणपती पाच दिवस राहायचा,"
मुणगेकर सिस्टर पुटपुटल्या, आणि मॉनिटर ओढत आणला.

मी लिहिलं: डिजॉक्सिन दिली नाही.
नाडी बावन्न. मळमळ. दिव्याभोवती पिवळं वलय.
डॉक्टरांना कळवलं, सहा वाजून चार मिनिटं.
न दिलेल्या गोळीखालीही सही लागते,
हे पुस्तकात होतं. सही किती वेळ सुकत नाही
ते नव्हतं.

आजोबा रागावलेले. "माझी गोळी खय?
बाजूच्याक दिलंस काय?"

बंदरात ट्रॉलर सुरू झाले होते. वारा नव्हता.
ट्रे उचलला, सहा नंबरपाशी गेले.
"पूर्ण नाव सांगा."
"तुका म्हायत असा."
"म्हायत असा," मी म्हटलं,
"तरी सांगा."